जुनी इशापूर .३१५ रायफल घ्यायची आहे, ८५,००० मागतायत. काय बघू?

राजापूरकर

मंडळी, सल्ला हवा आहे आणि थोडा घाईचा आहे. राजापूर तालुक्यात समुद्राकडच्या अंगाला आमची कलमं आणि काजू, खाली मळ्यात भात. वडिलांची एकनळी बारा बोर शेतीसंरक्षणासाठी होती, ती आता माझ्या परवान्यावर आहे. दुसरं हत्यार म्हणून .३१५ रायफल घ्यायची परवानगी नुकतीच मिळाली.

शेजारच्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीतले एक निवृत्त हवालदार होते. गेल्या वर्षी वारले, वय ८७. त्यांची रायफल घरच्यांनी परवानाधारक डीलरकडे जमा केली आहे. मुलगा म्हणतो, "ही दुसऱ्या महायुद्धातली फौजी रायफल. बाबांना पलटणीतून सुटताना मिळाली. अशी आता सापडायची नाही." ८५,००० मागतो.

दिसायला थेट पोलिसांच्या .३०३ सारखी. लाकूड चकचकीत, बोल्ट अलगद सरकतो. मी आयुष्यभर छर्ऱ्याची बंदूक वापरली, रायफलीतलं मला कळत नाही. गुरुवारी बघायला जायचं आहे. नेमकं काय बघू, आणि भाव बरा आहे का?

आर्मरर_दापोली

भाव नंतर. आधी ती रायफल कोण आहे ते ठरवा. माझी २२ वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये रायफली खोलण्यात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

पलटणीतून सुटताना जवानाला रायफल मिळत नाही. ती कोतात (पलटणीच्या शस्त्रागारात) जमा होते, सही होते, तेव्हा माणूस सुटतो. हवालदारांनी ती नंतर, नागरी परवान्यावर विकत घेतली असणार. आणि ८७ व्या वर्षी गेल्या वर्षी गेले म्हणजे महायुद्ध संपलं तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. मुलगा खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. घरात गोष्ट अशीच वाढत जाते. पण गोष्टीचे पैसे द्यायचे नाहीत.

आता .३०३ सारखी का दिसते ते. ली-एनफिल्डचं १९०७ सालचं आखूड मॉडेल, ज्याला नंबर १ मार्क ३ म्हणतात, ते कोलकात्याजवळ हुगळीकाठी इशापूरच्या कारखान्यात अनेक वर्षं बनत होतं. नागरिकांसाठीची .३१५ स्पोर्टिंग रायफल त्याच घडणीवर बनवली. बोल्ट, बॉडी (बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी भाग), दस्ता सगळा त्याच घराण्याचा. काडतूस मात्र वेगळं, ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ बाय ५० मॅनलिखरच्या वंशातलं. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात फौजी काडतुसाच्या खासगी रायफली बंद केल्या, चोरलेली सरकारी गोळी कुणाच्या रायफलीत चालू नये म्हणून. त्यामुळे .३१५ सारखे बोर इथे रुळले. तोच विचार आजच्या कायद्यात आहे: .३०३ आणि ७.६२ च्या रायफली, एवढंच नव्हे तर .४१० मस्केटसुद्धा, सामान्य परवान्यावर बसत नाहीत. त्या प्रतिबंधित बोरच्या.

म्हणून पहिलं काम शिक्के वाचायचं. दस्ता जिथे बॉडीत बसतो त्या लोखंडी कड्याच्या उजव्या बाजूला बघा. मुकुट, जी.आर.आय. (इंग्रज राजा जॉर्जची अक्षरं) आणि १९४२ असं काही असेल तर ती बॉडी खरोखर युद्धकाळातली फौजी. मग नळी कुठली, कुणी बदलली, हा प्रश्न उभा राहतो आणि तो सुटेपर्यंत एक रुपया देऊ नका. आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) आणि स्वातंत्र्यानंतरचं साल असेल, नळीवर ८ एमएम किंवा .३१५ असेल, तर ती नागरी रायफल. तुम्हाला हवी ती हीच.

नंबर तीन ठिकाणी वाचा: बॉडी, नळी, बोल्टच्या मुठीमागे. तिन्ही कागदावर उतरवून घ्या आणि परवान्यातल्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडा. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथूनच परत या.

मालवणी_माणूस

माका एकच सांगूचा आसा. आमच्या आजोबांच्या बंदुकीच्या नळयेत कुंभारणीन मातयेचा घर केल्यान हुता. कोणी बघूक नाय. बार काढलो आणि नळी फुगली. माणूस वाचलो ह्या नशीब. नळयेतसून उजेड बघल्याशिवाय फुडे जाव नकात.

आर्मरर_दापोली

मालवणीभाऊंनी लिहिलं ते सोनं आहे. चिखल, पाणी, अडकलेली चिंधी, कुंभारणीचं घर, काहीही पुढे असताना गोळी सुटली की नळी आतून फुगते. बाहेरून कधी कधी कळतही नाही.

नळी अशी बघा. मॅगझिन काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि करंगळीने दोन्ही प्रकारे बघा. बोल्ट बाहेर काढा. चेंबरच्या तोंडाशी पांढरा कागद धरा, उजेड त्यावर पडू द्या आणि पुढच्या तोंडातून आत बघा. मग उलट बाजूने. डीलरला आधी पुलथ्रू (नळी पुसायची चिंधी बांधलेली दोरी) मारायला सांगा, कारण तेलाच्या थराखाली पुष्कळ पाप झाकतं. आत पिळाच्या (नळीतल्या फिरत्या खाचांच्या) कडा धारदार दिसायला हव्यात. कुठे काळी कडी गोल फिरलेली दिसली तर ती फुगलेली नळी, विषय संपला. बारीक काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे.

हे खड्डे कोकणात जास्त का असतात? माणसं खाऱ्या हवेला दोष देतात, तो अर्धाच खरा. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत क्षार उरतो, मिठाचाच भाऊ. तो हवेतलं पाणी ओढतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून फायरिंगनंतर नळीतून उकळतं पाणी ओतायचं, कोरडी करायची, मग तेल. ज्यांनी नुसतं तेल फिरवलं त्यांची नळी तेलाखाली सडली. समुद्राचं मीठ बाहेरून आणि टोपीचं मीठ आतून, अशा दोन मिठांत आपल्या रायफली असतात.

आता नळीचं तोंड. साफ करताना दोरी किंवा सळई एकाच बाजूला घासत राहिली की तोंड लंबगोल होतं आणि गोळी भरकटते. डीलरकडे डमी काडतूस असेल तर गोळीचं टोक तोंडात ठेवून बघा. गोळी किती आत जाते आणि कडेची फट सगळीकडे सारखी आहे का, एवढं पुरे. जिवंत काडतुसाने हा खेळ करायचा नाही.

लाकडाची चकाकी मला आवडलेली नाही. या रायफलींच्या लाकडाला अळशीचं तेल लावतात, त्याची झाक मंद असते. चकचकीत असेल तर कुणीतरी पॉलिश पेपर मारून वॉर्निश चढवलंय. का चढवलं ते शोधा. बॉडीच्या मागे मनगटापाशी (दस्त्याच्या बारीक भागापाशी) आणि पुढच्या लाकडाला चापाच्या वरच्या अंगाला चीर असते. दस्ता हातात धरून पिळून बघा, हलता कामा नये. हलला तर डीलरसमोर मागचा लांब स्क्रू आवळायला जाऊ नका: पुढचं लाकूड आधी न काढता तो स्क्रू फिरवला की त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाला फाडतं. अशा फाटलेल्या रायफली मी मोजल्या नाहीत, इतक्या पाहिल्या.

डलासचा_देवगडकर

मी ११ वर्षं टेक्सासमध्ये आहे. इथे जुन्या फौजी रायफली उघड बाजारात मिळतात आणि माझ्याकडे इशापूरचीच एक आहे, २ए१. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने ली-एनफिल्ड ७.६२ मध्ये काढली, चांगलं पोलाद वापरून. आधीच्या २ए वर मागची माशी २,००० मीटरपर्यंतची होती, २ए१ वर ती ८०० वर आणली. भारतीय फौजेने काढून टाकलेल्या या रायफली पेट्या भरभरून इथे आल्या. देवगडच्या माणसाला अमेरिकेत गोदामात इशापूरचा शिक्का दिसतो तेव्हा काय वाटतं, ते सांगता येत नाही.

इथे किंमत कशी ठरते ते सांगतो, फरक लक्षात यावा म्हणून. सगळे नंबर एक असले तर भाव चढतो. आयातदाराने नळीवर आपलं नाव ठोकलेलं असतं, ते मोठं आणि बेढब असेल तर उतरतो. लाकूड कापून शिकारी रूप दिलेलं असेल तर संग्राहक तोंड फिरवतो, कारण कापलेलं लाकूड परत येत नाही. 'डीपी' असा शिक्का असेल तर ती कवायतीची रायफल, गोळी झाडायची नाहीच. पुढच्या लाकडाला तार गुंडाळलेली असेल तर ती ग्रेनेड फेकायला वापरलेली, तिने फार मार खाल्लेला असतो.

पण राजापूरकर, यातलं निम्मं तुमच्या कामाचं नाही. इथे संग्राहक इतिहासाचे पैसे देतो, भिंतीवर लावतो, हव्या तितक्या घेतो. तुमच्याकडे कायद्याने दोनच हत्यारं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि तीनची मर्यादा दोनवर आली. तुमची एक जागा बारा बोरने भरली आहे. उरलेली एकच. वाईट रायफल घेतलीत तर पैसे जातीलच, पण ती जागाही अडकेल. माझ्या मते भाव करताना हेच सगळ्यात मोठं वजन आहे.

चिपळूणची_वकील

कायद्याचं थोडक्यात. परवानाधारक गेल्यावर हत्यार विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करावं लागतं, ते त्यांनी केलंय, उत्तम. कायदेशीर वारस ते आपल्या नावे परवाना घेऊन सोडवू शकतात किंवा पात्र माणसाला विकू शकतात. तुम्ही जमा केल्याची पावती, मूळ परवाना, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची लेखी संमती बघा. एका मुलाची सही पुरत नाही, बहिणी असतील तर त्यांचीही घ्या.

व्यवहार डीलरमार्फत होतोय की घरच्यांकडून थेट, ते स्पष्ट करा. खासगी माणसाने थेट विकायचं तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवून किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. तोवर हत्यार हलत नाही. बयाणा द्यायचाच तर 'नोंद झाली नाही तर परत' असं लिहून, चेकने.

कायद्याचं आठवं कलम वाचून जा. ज्या हत्यारावर बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर नाही ते विकताच येत नाही, आणि नंबर खोडणं हा वेगळा गुन्हा. आणि शेवटचं, जे बागायतदार विसरतात: शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकरावर गोळी झाडायला वनखात्याची लेखी परवानगी स्वतंत्र लागते.

राजापूरकर

काल जाऊन आलो. सगळ्यांचे मुद्दे वहीत लिहून नेले होते. तीन तास लागले, डीलर सज्जन निघाला.

कड्यावर आर.एफ.आय., साल १९६८. नळीवर ८ एमएम. म्हणजे महायुद्ध नाही, फौजही नाही. परवान्यात पहिली खरेदी १९७४ ची, कारखान्याच्या नंबरासकट. मुलाला दाखवलं. तो बराच वेळ त्या नोंदीकडे बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे बाबांनी पगार साठवून घेतली होती." मला त्याचं वाईट वाटलं.

बॉडी आणि नळीचा नंबर एक. बोल्टचा वेगळा. डीलरच्या जुन्या वहीत दुरुस्तीची नोंद सापडली, बोल्ट बदलला म्हणून. नळी मागे आणि मध्ये स्वच्छ, पिळाच्या कडा स्पष्ट. पुढच्या चार बोटांत ठिपके आहेत. तोंड एका बाजूला घासलेलं, डमी गोळी कलते. काळी कडी नाही. दस्ता घट्ट. वॉर्निशखाली मनगटाला केसासारखी चीर, दोन इंच.

बोल्ट बदललेला म्हणजे नाद सोडू का?

आर्मरर_दापोली

नाद सोडू नका, पण गेज (फट मोजायचं माप) लावल्याशिवाय घेऊही नका. बोल्ट बंद झाल्यावर त्याचं तोंड आणि काडतुसाची कडा यांत जी फट राहते ती मापात हवी. बुडाला कडा असलेल्या अशा काडतुसात हे माप कडेच्या जाडीवर असतं. प्रत्येक बोल्ट आपापल्या बॉडीत घासून बसलेला असतो, दुसरा आणून घातला की फट वाढू शकते. वाढली की काडतूस मागे ताणतं आणि बुडाशी फाटतं. परवानाधारक गनस्मिथकडून गेज लावून घ्या, लेखी घ्या. कानूस किंवा सँडपेपर घेऊन कुणी 'बसवून देतो' म्हणाला तर उठून या.

दुसरी खूण रिकाम्या केसची. त्या रायफलीतून झाडलेली केस असेल तर बुडाच्या थोडं वर चकाकणारी कडी आहे का बघा. बारीक तारेचं टोक वाकवून आतून फिरवा. तिथे खाच लागली तर फट जास्त आहे.

आता भाव. माझी रीत सांगतो, ती माझीच आहे. डीलरकडून नव्या .३१५ चा लेखी कोट घ्या, करासकट. त्याला १०० धरा. जुनी, पण नळी उत्तम, सगळे नंबर एक, लाकूड धड असेल तर मी ६० च्या वर जात नाही, कारण नवीला कारखान्याची हमी असते आणि जुनीला माझ्या डोळ्यांची. तुमच्या रायफलीत गेज बरोबर निघालं असं धरून: बोल्ट वेगळा म्हणून ५ कमी. तोंड घासलंय आणि पुढे ठिपके आहेत, १२ कमी. यात मी सगळ्यात कडक आहे, कारण नळी कापून तोंड नवं करणं तुमच्या हातात नाही, विनापरवानगी नळी आखूड करणं गुन्हा आहे. चिरेचे ३. उरले ४०. गेज चुकलं तर शून्य, कितीही स्वस्त दिली तरी.

राजापूरकर

कोट आला. त्यांनी मागितलेले ८५,००० म्हणजे नव्याच्या सुमारे ७० टक्के होतात. तुमच्या हिशेबाने ४८,००० च्या आसपास येतं.

कणकवली_कर

३०,००० सांगा आणि गप्प बसा. त्यांना .३१५ चा परवाना असलेलं दुसरं गिऱ्हाईक कुठे मिळणार? डीलरकडे ठेवण्याचं भाडं चढतंय, स्वतःहून येतील.

आर्मरर_दापोली

कणकवलीकर, गिऱ्हाईक कमी असतं हे खरं आहे, म्हणून तर जुन्या रायफलीचा भाव नव्याच्या मानाने एवढा पडतो. मी ६० वरून सुरुवात करतो त्यात ते आलंय. त्यावर पुन्हा घरच्यांची अडचण कापून घ्यायची नाही. मी निवृत्त झाल्यावर दापोलीत असे व्यवहार पाहिलेत. नवरा गेलेली बाई, कागदांची भीती, आणि कुणीतरी येऊन 'पोलीस जप्त करतील' म्हणून कवडीमोलाने उचलून नेतो. आपल्याकडे दापोली, खेड, मंडणगडात घरटी फौजी आहेत, उद्या ही वेळ आपल्या घरावर येणार. दोष दाखवून, हिशेब समोर मांडून जो आकडा येतो तो द्यावा.

डलासचा_देवगडकर

आर्मररसाहेबांशी शंभर टक्के सहमत.

चिपळूणची_वकील

आणि मुलाला हेही सांगा की तो वारस म्हणून स्वतः परवान्याचा अर्ज करू शकतो. पूर्ण माहिती असताना विकलं तर नंतर मनात राहत नाही.

राजापूरकर

उशिरा लिहितोय, माफ करा. गनस्मिथने गेज लावलं, माप बरोबर निघालं, कागद दिला. मुलाला आणि त्याच्या आईला घरी बसून सगळा हिशेब दाखवला, वकीलताईंचा मुद्दाही सांगितला. त्यांना रायफल ठेवायची नाही, मुलगा मुंबईत असतो. आई म्हणाल्या, ५०,००० करा. केले. दोन्ही बहिणींच्या सह्या आल्या. लेखी सूचना ठाण्यात दिली, ४५ दिवस मोजतोय.

त्यांची एकच मागणी होती. रायफलीचा चामडी पट्टा हवालदारांनी स्वतः शिवून घेतलेला, तो घरात राहू दे. मी हो म्हटलं.

आता शेवटचा प्रश्न. रायफल हातात येईल तेव्हा आमच्याकडे मुसळधार चालू असेल. ठेवू कशी? वडील बारा बोर चामड्याच्या कव्हरात ठेवायचे.

आर्मरर_दापोली

चामड्यात अजिबात नाही. चामडं ओल धरून ठेवतं आणि ज्या बाजूने टेकलंय तिथे लोखंडाला गंज चढतो. लोखंडी कपाटात उभी ठेवा, तोंड खाली करून, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरून ते मऊ पडणार नाही. कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, महिन्यातून एकदा तव्यावर गरम करून पुन्हा वापरा. पावसाळ्यात दर रविवारी सुती कापडाने पुसायची, हाताचा घाम राहू द्यायचा नाही. बोल्ट वेगळा, कुलपात.

निवडणुकीत ठाण्यात जमा करायला लागते तेव्हा आदल्या दिवशी नळीत ग्रीसचा जाड थर द्या आणि पावतीवर तिन्ही नंबर लिहून घ्या, तुमचा बोल्टचा नंबर वेगळा आहे हे विसरू नका. परत आणल्यावर ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय काडतूस घालायचं नाही.

आणि पट्टा काढाल तेव्हा कड्यांच्या खाली लाकडाजवळ बघा. पट्ट्याने झाकलेल्या जागी पन्नास वर्षांत कुणी कापड फिरवलेलं नसतं.